गच्चीवरचा ऋ

अकरावी संपली.
बारावीच्या शिकवणीला अजून नऊ दिवस आहेत
आणि बाहेर सेहेचाळीस.

मे महिन्यात आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.
बाबा बुटीबोरीहून रात्रपाळी करून येतात,
जवसाच्या चटणीशी दोन पोळ्या खातात
आणि झोपतात.
मग आम्ही तिघं दिवसभर हातवारे करतो.
निनाद म्हणतो, आईनं कुकरलाही बजावून ठेवलंय.
(तरी तो शिट्टी देतोच.
कुकर. आणि निनादही.)

कूलर भरायचं काम माझं.
संध्याकाळी साडेपाचला
पाईपचं एक टोक खिडकीतून कूलरमध्ये,
दुसरं गच्चीवर, टाकीच्या नळाला.
भरायला बारा मिनिटं लागतात.
ती बारा मिनिटं माझी.

मगमध्ये बोट बुडवायचं
आणि तापलेल्या फरशीवर चित्र काढायचं.
ठेंगरी काकूंची मांजर.
कान होईस्तोवर शेपूट गेलेली.
फिजिक्सच्या सरांना विचारलं तर ते सूत्र देतील,
म्हणून नाही विचारलं.
आता मी
जे आधी गेलं तरी चालेल
तिथूनच सुरुवात करते.

वहीतही काढते मी.
पण वही कोणीही उघडतं.
मावशी म्हणते, छान आहे गं, पण हात असे काहून?
पाण्याच्या मांजरीला कोणी काही म्हणत नाही.
एकदा अर्शियाला पाठवायला फोटो काढायला गेले,
तर फोननंच सांगितलं,
मी फार गरम झालोय, नंतर ये.

गुरुवारी लाइन गेली.
पंखा थांबला की बाबांना जाग येते,
आवाजानं येत नाही तेवढी.
बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून
ते वर आले.
"काय करून राहिली वं?"
मी पाय पुढे केला, पण लपवायला काही उरलंच नव्हतं.
ते उकिडवे बसले.
मला वाटलं, आता अभ्यास.

त्यांनी कोपऱ्यातला चुन्याचा जुना ब्रश उचलला,
दोनदा झटकला,
बादलीत बुडवून काठाला निथळला,
जणू पाणी महाग असतं.
आणि लिहिला
ऋ.
हात न उचलता. इथे जाड, तिथे बारीक,
मग उजवीकडून त्याची सावलीसुद्धा.
फरशीवर ऋ उभा राहिला,
एखाद्या दुकानावर राहावा तसा.

मला माहीत होतं, बाबा वाडीला बोर्ड रंगवायचे.
आईनं सांगितलं होतं,
जसं सांगतात की आपल्याकडे पूर्वी सायकल होती.
"मग सोडलं काहून?"
"फ्लेक्स आलं."
पाहुणे आले म्हणतात, तेवढ्याच आवाजात.
मग म्हणाले,
"ऋ कोणी द्यायचंच नाही लिहायला.
टायर, पंक्चर, ज्यूस, कटिंग.
पूर्ण वाडीत एक ऋ नाही.
तू झाली, तवा म्हटलं, ठेवून टाकू."

मला सोळा वर्षं वाटत होतं
माझ्या नावाचा अर्थ सरळपणा असा आहे.

ते ब्रश पुन्हा बुडवायला वळले
आणि खालून आई,
पूर्ण मे महिन्याचा आवाज एकदम वापरून:
"अवं पोट्टे! पाणी दिवाणापर्यंत आलं!"
बाबा दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.
नळ तर माझ्या हाताशीच होता.
मी तो बंद केला. जरा उशिरानं.

ऋ वरून वाळत आला होता,
सावली आधीच गेलेली,
खाली नुसता आकडा उरला होता.
मी ब्रश धरला. धरता आला नाही नीट.
तरी पुढचं जुता
घाईत, माझ्या वाकड्या अक्षरात
लिहून टाकलं.